राखीव जागा आणि सीताक्का

परवा वीकएंडला आम्ही चौघं हैदराबादहून रामप्पा मंदिर बघायला गेलो होतो (२०२१ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं, तेच). साधारण दोनशे किलोमीटर. मुलुगु जवळ आलं तसे फ्लेक्सवर एकाच बाईंचे फोटो दिसायला लागले. आमच्यातला एकमेव तेलुगू गडी म्हणाला, "सीताक्का. मंत्री आहेत. आधी नक्षलवादी होत्या."

गाडीत दोन मिनिटं शांतता. मग मागून अपेक्षित वाक्य आलंच, "पण जागा एसटीसाठी राखीव आहे ना? मग काय..."

हे 'मग काय' आठवडाभर डोक्यातून जात नाहीये. म्हणून हा खटाटोप.

आधी थोडी माहिती. सीताक्का म्हणजे दनसरी अनसूया. जन्म १९७१, कोया आदिवासी घरात. किशोरवयातच जनशक्ती या नक्षलवादी गटात गेल्या. १९९७ मध्ये शस्त्र खाली ठेवलं, सर्वसाधारण माफीचा फायदा घेतला, कायदा शिकल्या आणि वरंगळला वकिली केली. २००४ मध्ये तेलुगू देसमतर्फे मुलुगुमधून आमदारकीला उभ्या राहिल्या आणि चक्क हरल्या. २००९ मध्ये जिंकल्या. २०१४ मध्ये परत हरल्या. २०१७ मध्ये काँग्रेसमध्ये आल्या, २०१८ आणि २०२३ मध्ये जिंकल्या, आणि डिसेंबर २०२३ मध्ये त्यांनी पंचायत राज व महिला-बालकल्याण खात्याच्या मंत्री म्हणून शपथ घेतली.

आता बघा. राखीव जागा म्हणजे आयती जागा असं आपण धरून चालतो. पण मग त्या दोनदा हरल्या कशा? कारण साधं आहे, तिथे समोरचाही एसटीच असतो. २०१४ ला त्या ज्यांच्याकडून हरल्या ते अझमीरा चंदूलाल लंबाडा समाजाचे. (आपल्याकडे बंजारा विमुक्त जातींत मोडतात, तेलंगणात लंबाडा अनुसूचित जमातीत.) हेच चंदूलाल पुढे आदिवासी कल्याण मंत्री झाले, आणि २०१८ ला सीताक्कांनी त्यांनाच हरवलं. २०२३ मध्ये तर समोर एक आदिवासी तरुणीच होती, बडे नागज्योती. तिचे वडील नक्षलवादी चळवळीत असताना चकमकीत मारले गेलेले. त्या लढतीत सीताक्का तेहतीस हजारांहून जास्त मतांनी जिंकल्या. म्हणजे आरक्षणाने स्पर्धा संपत नाही हो, आधी ज्यांना मैदानातच घेत नव्हते त्यांच्यात ती सुरू होते.

आणि जागा राखीव नसती तर? २०२३ मध्ये तेलंगणाच्या ११९ आमदारांत बायका फक्त १० निवडून आल्या. आदिवासींसाठी १२ जागा राखीव आहेत, बायकांसाठी तेव्हा एकही नव्हती. बाकीचं गणित तुम्हीच करा.

हरल्यावर त्यांनी मतदारसंघ सोडला नाही, हे मला सगळ्यात भारी वाटतं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये डोक्यावर धान्याची पोती घेऊन जंगलातल्या पाड्यांवर चालत गेलेल्या बाईंचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. त्याच या. त्या वेळी त्या विरोधी पक्षात होत्या, हातात खातं-बितं काही नव्हतं. २०२२ मध्ये उस्मानिया विद्यापीठाची पीएचडी मिळाली. विषय काय, तर छत्तीसगडहून स्थलांतर करून आलेले गोत्ती कोया.

पण नुसती आरती ओवाळून थांबलो तर तेही खोटंच होईल. तेलंगणात या गोत्ती कोयांना एसटीचा दाखला मिळत नाही, आणि जंगलात कसत असलेल्या जमिनीवरून वनखात्याशी त्यांचे खटके उडत आलेत. ज्यांच्यावर प्रबंध लिहिला त्यांच्यासाठी मंत्री म्हणून काय केलं, हा प्रश्न सीताक्कांना विचारायलाच हवा. १ डिसेंबर २०२४ ला त्यांच्याच जिल्ह्यात, एटुरनागारमच्या जंगलात, पोलिसांनी सात माओवाद्यांना मारलं. एके काळी त्या स्वतः त्या बाजूला होत्या, आता सरकारात आहेत. ही जागा सोपी नाही. 'बंदूक ते मंत्रिपद' छापाच्या फॉरवर्डमध्ये हे कधीच येत नाही. तिथे फक्त 'जिद्द असेल तर' वगैरे असतं. जिद्द होतीच, पण माफी मिळाली नसती आणि राखीव जागा नसती तर त्या जिद्दीचं काय झालं असतं?

असो. आता कबुली. त्या गाडीत मी गप्प बसलो होतो. माझी स्वतःची इंजिनिअरिंगची सीट मॅनेजमेंट कोट्यातली. बाबांनी पीएफमधून पैसे काढले होते. त्यानंतर आठही सेमिस्टर मीच पास झालो, त्यामुळे मला कधी कुणी "मग काय" म्हणालं नाही.

पुढच्या वेळी गाडीत बोलेन म्हणतो.