'मोर्दिदा'चा चावा

मेक्सिकोत पोलिसाला किंवा कारकुनाला द्यावयाच्या किरकोळ लाचेला 'मोर्दिदा' म्हणतात. या स्पॅनिश शब्दाचा अर्थ 'चावा' असा आहे. मराठी माणूस ज्याला चिरीमिरी म्हणतो, तिचेच हे दूरचे भावंड. भेद इतकाच की, चिरीमिरी या शब्दात देणाऱ्याच्या खुशीचा आभास आहे. मोर्दिदा मात्र कोणतेही सोंग न घेता वेदना कोणाच्या वाट्याला येते ते सरळ सांगून टाकते.

अमेरिकेचा वैध व्हिसा असलेल्या भारतीयाला मेक्सिकोत पर्यटनासाठी वेगळा व्हिसा लागत नाही. त्यामुळे नोकरी वा शिक्षणानिमित्त अमेरिकेत राहणारी मराठी कुटुंबेही सुटीत कान्कुनला जातात आणि भाड्याची मोटार घेऊन तुलुमच्या प्राचीन माया अवशेषांपर्यंत प्रवास करतात. वाटेत गाडी थांबवली जाण्याची शक्यता असते. वेगमर्यादा ओलांडल्याचे सांगितले जाते, परवाना ताब्यात घेतला जातो आणि मग कचेरी लांब आहे, आज ती बंद आहे, दंड फार मोठा आहे, असे एकेक सांगत 'हे येथेच मिटवता येईल' या वाक्यापाशी संभाषण आणून ठेवले जाते. अशा पोलिसाचे खरे हत्यार त्याच्या कमरेचे पिस्तूल नव्हे, तर प्रवाशाच्या मनगटावरचे घड्याळ होय. परतीचे विमान चुकेल या धास्तीनेच बहुतेकांचा हात खिशाकडे जातो.

वस्तुतः कायदा प्रवाशाच्या बाजूचा आहे. स्थानिक नियम मोडणाऱ्यास दंड, ३६ तासांपर्यंत अटक किंवा समाजोपयोगी काम एवढीच शिक्षा करता येते, असे मेक्सिकोच्या राज्यघटनेचे २१ वे कलम सांगते. कामगाराला त्याच्या एका दिवसाच्या मजुरीहून अधिक दंड करू नये, अशी दयाबुद्धीही त्याच कलमात आहे. म्हणून गुन्हा खरोखर घडला असेल तर दंड भरण्यास कुरकुर करू नये. मात्र लेखी पावती मागावी, दंड अधिकृत ठिकाणीच भरू असे शांतपणे सांगावे आणि पोलिसाचे नाव व गस्तीच्या गाडीचा क्रमांक टिपून घ्यावा. कागदपत्रे पुरी असावीत आणि ती पैशांच्या पाकिटात ठेवू नयेत. आवाज चढवू नये, तसेच घाईही दाखवू नये. ज्याला घाई नाही, त्याच्याकडून चावा घेणे अवघड असते. अटकेची भाषा निघाली तर भारतीय वकिलातीला कळवण्याचा आग्रह धरावा. १९६३ च्या व्हिएन्ना कराराने हा अधिकार परदेशी नागरिकाला दिला आहे. अमेरिकेत मृत्युदंड सुनावलेल्या ५१ मेक्सिकन नागरिकांना हा अधिकार वेळीच सांगितला गेला नव्हता, हा निर्णय खुद्द मेक्सिकोने २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडून मिळवला होता.

अर्थात या धीरालाही मर्यादा आहे. निर्जन रस्त्यावर, रात्रीच्या वेळी, शस्त्र रोखले गेले असता तत्त्वाचा हट्ट धरणे शहाणपणाचे नाही. तेथे पैसे देऊन जीव वाचवावा आणि सुरक्षित स्थळी पोहोचल्यावर तक्रार नोंदवावी. पण भय आणि गैरसोय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुष्कळदा प्रवासी गैरसोय टाळण्यासाठी लाच देतो आणि मागाहून तिला भयाचे नाव देतो.

चौकातला पोलिस हा या व्यवहारातील शेवटचा आणि सर्वांत गरीब दुवा असतो. आर्तुरो दुराझो हे १९७६ ते १९८२ या काळात मेक्सिको सिटीचे पोलिसप्रमुख होते. त्यांनी समुद्रकाठी बांधलेल्या ग्रीक धाटणीच्या महालाला लोक 'पार्थेनॉन' म्हणत. शिपायांनी रस्त्यावर गोळा केलेला पैसा वरपर्यंत कसा पोहोचे, याचे वर्णन त्यांच्याच एका माजी सहकाऱ्याने १९८३ मध्ये पुस्तकरूपाने केले. पुढे दुराझो तुरुंगात गेले, पण ती वाट बंद झाली नाही. २००६ ते २०१२ या काळात देशाचे सुरक्षामंत्री असलेले हेनारो गार्सिया लुना यांना अमली पदार्थांच्या टोळीकडून लाच घेतल्याच्या प्रकरणी अमेरिकेतील न्यायालयाने २०२४ मध्ये ३८ वर्षांहून अधिक कारावासाची शिक्षा दिली. २०१८ मध्ये आकापुल्को या पर्यटननगरीच्या संपूर्ण नगरपोलिस दलाचीच शस्त्रे काढून घेण्याची पाळी आली. दलात गुन्हेगारी टोळ्या शिरल्याचा संशय होता.

या साखळीचे दुसरे टोक कोठे पोहोचते हे २६ सप्टेंबर २०१४ च्या रात्री इग्वाला शहरात दिसले. आयोत्सिनापाच्या अध्यापक विद्यालयातील ४३ विद्यार्थ्यांना पोलिसांनी पकडले, ते गुन्हेगारांच्या हाती गेले आणि घरी परतले नाहीत. पुढे मोजक्याच जणांच्या अस्थींच्या तुकड्यांची ओळख पटली. ही मुले खेड्यापाड्यांत शिक्षक होण्यासाठी शिकत होती. रस्त्यावरची मोर्दिदा आणि इग्वालाची ती रात्र या एकच गोष्टी नव्हेत. परंतु वर्दी विकली जाऊ शकते हे एकदा ठरले की, ती कोणी विकत घ्यायची हे गिऱ्हाईकाच्या ऐपतीवर ठरते. पर्यटक काही डॉलर देतो. टोळी अधिक देते.

म्हणूनच पावती मागणारा प्रवासी केवळ आपले पैसे वाचवत नाही. तो आठवड्याने मायदेशी वा नोकरीच्या गावी परततो. पण त्याच रस्त्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे भाजीचा ट्रक घेऊन निघालेल्या चालकाची गाठ त्याच पोलिसाशी पडते आणि त्याला परतीचे विमान नसते. पाहुण्याने यजमानाच्या घरातली घाण साफ करावी अशी कोणाचीच अपेक्षा नाही. तिच्यात भर घालू नये, इतकी मात्र खचितच आहे.