रक्त त्यांचे, मालकी कोणाची?

पापुआ न्यू गिनीतील हागाहाई जमातीच्या एका माणसाचे रक्त संशोधनासाठी अमेरिकेस गेले आणि त्यातून वाढविलेल्या पेशींवर १९९५ साली अमेरिकन सरकारच्या आरोग्यखात्याने पेटंट मिळविले! जगभर ओरड झाली, तेव्हा १९९६ साली ते सोडून दिले. समर्थक म्हणतात, जमातीला विचारले होते. कबूल! पण सुई टोचू देण्याची संमती म्हणजे मालकीचे खरेदीखत नव्हे, हे शिकाऊ वकीलही सांगेल. अधिक चीड येते ती याची, की २०१० च्या नागोया कराराने परदेशी जाणाऱ्या वनस्पतींच्या लाभात मूळ देशाचा वाटा मान्य केला. मानवी रक्त मात्र त्या कराराबाहेरच राहिले. झाडपाल्यास जो हक्क मिळाला, तो माणसास नाकारण्याचे कारण काय, याचे उत्तर नमुने नेणाऱ्यांनी द्यावे.