वर्ष हाच ज्यांचा पत्ता

बकरी ईदनंतर कामावर रुजू झालो तेव्हा एका सहकाऱ्यानं विचारलं, "तुमच्यात जनावरांना कुणी जीव लावतं का हो?" प्रश्नात कुजकेपणा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी त्याला सांगितलं की पैगंबरांनी लहानपणी मेंढ्या राखल्या होत्या. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्या माणसाची हदीसही सांगितली. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हे ग्रंथातलं झालं. आज कोण आहे?"

तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आपण मुसलमान आणि जनावर या विषयावर बोलतो ते वर्षातून एकदा, कुर्बानीच्या दिवसांत, आणि तेही बहुतेक वेळा बचावाच्या पवित्र्यात. बाकीच्या दिवसांचं काय, हे आपल्यालाही माहीत नसतं. नंतर शोधत, वाचत गेलो तेव्हा उत्तर सापडलं ते उत्तरेकडे, हिमालयाच्या पायथ्याशी. त्या लोकांचं नाव वन गुज्जर.

वन गुज्जर मुसलमान आहेत. घरात गोजरी बोली बोलतात. पिढ्यान्‌पिढ्या त्यांचा धंदा एकच, म्हशी पाळायच्या आणि दूध विकायचं. परंपरेनं ते आपली म्हैस कापत नाहीत, कापायला विकतही नाहीत. म्हशींना नावं असतात. म्हैस मेली तर घरातलं माणूस गेल्यासारखा शोक होतो. माझ्या सहकाऱ्याला हवं असलेलं उत्तर इथेच पूर्ण होतं. पण या लोकांचं वर्ष कसं जातं हे कळल्यावर मला त्याहून मोठा प्रश्न पडला.

हिवाळ्यात त्यांचा मुक्काम शिवालिकच्या जंगलात असतो. डेहराडून, हरिद्वार, सहारनपूर या बाजूंना. माती, लाकूड आणि गवताची झोपडी, तिला ते डेरा म्हणतात. या दिवसांत जमिनीवर गवत कमी, म्हणून गडी माणसं झाडावर चढून पाला तोडतात. कोणत्या झाडांचा? त्यांची नावं वाचली तेव्हा ओळखीची माणसं भेटल्यासारखं वाटलं. ते ज्याला बाकली म्हणतात तो आपला धावडा, आणि साईन म्हणजे आपला ऐन. आपल्या सह्याद्रीतलीच झाडं. खाली म्हशी पाला खातात, आणि त्यांचं दूध जवळच्या शहरांत जातं. हरिद्वारला यात्रेला गेलेल्या आपल्यापैकी कुणी तिथे चहा प्यायला असेल, तर त्यात या म्हशींचं दूध असण्याची शक्यता आहे.

मार्च सरता सरता पानं गळतात, ओढे आटतात, ऊन चढतं. म्हशीला ऊन सोसत नाही. त्या बेचैन होतात आणि डोंगराच्या दिशेनं ओढ घ्यायला लागतात. कधी निघायचं हे जणू त्याच ठरवतात. पर्निल गूख या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी या समाजावर लिहिलेल्या अभ्यासाचं नावच ‘ॲट द टेल ऑफ द बफेलो’ असं आहे. म्हशीच्या शेपटीमागे. म्हैस पुढे, माणूस मागे.

एप्रिल-मे हे वाटेवरचे दिवस. उन्हामुळे आणि गाड्यांच्या वर्दळीमुळे कळप बऱ्याचदा रात्री किंवा पहाटे चालतो. घोड्या-खेचरांवर सामान असतं. सोबत म्हातारी माणसं, तान्ही पोरं आणि नुकती जन्मलेली पारडं. उन्हाळा आणि पावसाळा वरच्या कुरणांत जातो. तिकडे त्यांना बुग्याल म्हणतात. थंडी सुरू झाली की सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पुन्हा खाली, पुन्हा त्याच जंगलात. असं एक वर्ष पूर्ण होतं.

यात एक गोष्ट मला फार हलवून गेली. म्हशीचं वर्ष ऋतूंवर चालतं, आपलं हिजरी वर्ष चंद्रावर. हिजरी वर्ष सुमारे 11 दिवसांनी लहान. त्यामुळे साधारण 33 वर्षांत रमजान या लोकांच्या वर्षातल्या प्रत्येक टप्प्यावरून फिरून येतो. कधी रोजा पाला तोडताना, कधी बुग्यालवरच्या थंडीत, कधी भर वाटेवर. कुरआनच्या सूरह अन-नहलमध्ये जनावरं सकाळी चरायला सोडण्यात आणि संध्याकाळी घरी आणण्यात सौंदर्य आहे असा उल्लेख येतो. आपण शहरातले मुसलमान ही आयत वाचून पुढे जातो. वन गुज्जर ती रोज जगतात.

आता तो मोठा प्रश्न. या माणसांचा पत्ता काय?

सरकारी कागदाला एक जागा हवी असते. गाव, घर क्रमांक, पिनकोड. यांचं घर मात्र वर्षभर पसरलेलं आहे. सहा महिने खाली, बाकीचे वर आणि वाटेवर. यातला एक तुकडा काढून घेतला तर उरलेले निरुपयोगी होतात. हिवाळ्याचं जंगल बंद केलं तर बुग्यालचा हक्क काय कामाचा? वर जायला मज्जाव केला तर म्हशी उन्हाळ्यात खाली मरणार.

इंग्रजांच्या काळापासून त्यांना परमिट दिली जात. कुटुंबाचं नाव, म्हशींची संख्या, चराईचे पैसे. म्हणजे राज्याला हे लोक माहीत होते, त्यांच्याकडून वसुलीही होत होती. मग 1983 मध्ये राजाजी, मोतीचूर आणि चिल्ला ही अभयारण्यं एकत्र करून राजाजी राष्ट्रीय उद्यान ठरवलं गेलं. 1992 मध्ये वरून परतणाऱ्या कळपांना त्यांच्याच हिवाळी जंगलात येण्यापासून अडवलं, तेव्हा मोठा संघर्ष झाला. पुढे बऱ्याच कुटुंबांना पथरी आणि गैंडीखाता इथे वसवलं. 2015 मध्ये राजाजी व्याघ्र प्रकल्प झाला.

दुसरी बाजूही मांडायला हवी. पाला तोडल्यानं झाडांवर ताण येतो, हे खरं आहे. चिल्ला भागातून डेरे हलल्यावर तिथे वाघ वाढले, असं वन्यजीव अभ्यासकांनी नोंदवलं आहे. काही कुटुंबांना स्थिर होणं हवंही होतं. मुलांची शाळा, दवाखाना, वीज कुणाला नको असते? वाघ वाचू नये असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं इतकंच आहे की वाघासाठी जागा मोकळी करणाऱ्याला त्याच्या जनावरांसकट कुठे जायचं हे विचारायला हवं. जमिनीचा तुकडा दिला, पण चराई दिली नाही, तर म्हशी विकाव्या लागतात. आणि म्हशी गेल्या की वन गुज्जर फक्त एक मजूर उरतो.

कायदा नाही असंही नाही. 2006 च्या वन हक्क कायद्यात भटक्या पशुपालकांच्या चराईचा आणि हंगामी वापराचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. पण जे अनुसूचित जमातीत नाहीत त्यांनी तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षं, वनात राहत असल्याचा पुरावा द्यायचा. हेच गुज्जर हिमाचल आणि जम्मू-काश्मीरमध्ये अनुसूचित जमात आहेत, उत्तराखंडात नाहीत. डोंगराची एक ओळ ओलांडली की माणूस बदलतो का? आणि जो वर्षातून दोनदा घर हलवतो, त्यानं आजोबांचे कागद कोणत्या कपाटात जपून ठेवायचे?

2020 चा उन्हाळा आठवून पाहा. टाळेबंदी, वर जाण्याचे दिवस आणि रमजान, तिन्ही एकत्र आले. त्यातच तबलिगी जमातच्या नावानं अफवा पसरल्या आणि काही ठिकाणी लोकांनी गुज्जरांचं दूध घेणं बंद केलं. वर्षानुवर्षं ज्यांच्या दुधाचा चहा प्यायला, ते एका आठवड्यात परके झाले. म्हशीला टाळेबंदी कळत नाही. धार काढावीच लागते. ते दूध कुठे गेलं असेल याचा विचार करा.

पुढच्याच वर्षी, 2021 मध्ये, उत्तरकाशीतल्या गोविंद पशुविहार राष्ट्रीय उद्यानाच्या तोंडाशी काही कुटुंबांना अडवण्यात आलं. म्हशींसह ती माणसं उघड्यावर अडकली. उत्तराखंड उच्च न्यायालयानं तेव्हा हस्तक्षेप केला, त्यांना वर जाऊ देण्याचे आदेश दिले आणि हा प्रश्न संविधानाच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काशी जोडला. मला या आदेशाचं महत्त्व मोठं वाटतं. कारण त्यामुळे या माणसांची वाट जगण्याच्या हक्कात आली.

महाराष्ट्रात बसून आपण हे का वाचायचं? कारण आपल्याकडेही ही वाट आहे. धनगरांचे वाडे दरवर्षी माण-खटावकडून निघतात, घाट उतरतात, शेतात मेंढ्या बसवतात, पावसाळ्याआधी परततात. चराईबंदी, वनखात्याशी वाद, शाळेतून गळणारी मुलं, सगळं तेच. मेंढपाळाच्या दुःखाला धर्म नसतो. पण धर्म वेगळा असला की ते दुःख आपल्याला आपलं वाटत नाही, आणि हा दोष दोन्हीकडे आहे. आपल्या मुस्लिम संघटना शिक्षण, वक्फ, आरक्षण यांवर बोलतात, बोललंच पाहिजे. पण जंगलातला हा मुसलमान त्यांच्या एका तरी ठरावात आहे का? आणि पर्यावरणावर बोलणारे आपले मित्र व्याघ्र प्रकल्पाला सहलीला जातात, तेव्हा तिथून कोण हललं हे विचारतात का?

मागणी साधी आहे. जुनी परमिटं पुरावा म्हणून धरा. हिवाळ्याची जागा, वाट आणि बुग्याल यांचा हक्क एकत्र मोजा, तुकड्यांत नको. जंगल कसं राखायचं हे ठरवताना त्यांनाही सोबत बसवा, कारण कोणत्या झाडाचा पाला कधी काढायचा हे त्यांना पिढ्यांपासून माहीत आहे.

माझ्या सहकाऱ्याला मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग यांच्याबद्दल आम्ही कधी ऐकलं कसं नाही?" मी म्हटलं, "आम्हीही नव्हतं ऐकलं."