बंपरवरचा ओरखडा वाचवायला स्टीलचा गार्ड? थांबा, आधी हे वाचा!

दसऱ्याला घरी नवी गाडी आली आणि दहाव्या दिवशी मागच्या बंपरवर ओरखडा उठला. सिग्नलला मागून आलेल्या स्कूटरचा प्रसाद! बाबांनी तडक अ‍ॅक्सेसरीजचं दुकान गाठलं. "काका, मागे स्टीलचा गार्ड टाका, टेन्शन संपलं," दुकानदार म्हणाला. बाबा तयार झाले, मी आडवा आलो. इंजिनीअरिंगचा घरात झालेला हा बहुधा पहिलाच उपयोग.

बंपर नेमका कशासाठी असतो?

आपल्याला दिसतो तो बंपर म्हणजे प्लास्टिकचं आवरण. बऱ्याच गाड्यांत त्यामागे धक्का शोषणारा भाग आणि आडवी पट्टी असते. धक्का बसला की या भागांनी दबायचं, तुटायचं आणि धक्क्याचा जोर स्वतःवर घ्यायचा, अशी ही रचना आहे. स्टीलचा गार्ड मात्र थेट गाडीच्या सांगाड्याला बोल्टने कसतात. तो स्वतः दबत नाही, जोर पुढे सांगाड्याकडे ढकलतो. बंपर वाचतो, पण दुरुस्ती महागाची होऊ शकते. शिवाय मागून आदळणारा स्कूटरवाला किंवा रिव्हर्स घेताना मध्ये आलेलं मूल प्लास्टिकऐवजी लोखंडावर आपटतं. ओरखड्याच्या बदल्यात हा सौदा मला तरी पटत नाही.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत. क्रॅश गार्ड आणि बुल बारवर कारवाई करा, असं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलं होतं. तरीही दुकानात गार्ड राजरोस मिळतात. दंड भरायचा तो गाडीमालकाने, विकणारा नामानिराळा. कारवाई खरं तर दुकानापासून सुरू व्हायला हवी.

मग बंपर जपायचा कसा?

• डिकीत सामान चढवताना बंपरची वरची कड सर्वात जास्त घासते. तिथे रबरी पट्टी किंवा पारदर्शक पीपीएफ फिल्म लावा. अख्ख्या गाडीला फिल्म लावायची गरज नाही.

• कोपऱ्यांना चिकटवायच्या रबरी पट्ट्या पार्किंगमधले छोटे घासे झेलतात.

• जुलै २०१९ पासून नव्या कारना रिव्हर्स सेन्सर सक्तीचे आहेत. त्यांच्यावर चिखल, फिल्म किंवा स्टिकर नको.

• कोरड्या फडक्याने धूळ पुसू नका. त्यानेच बारीक चरे पडतात. आधी पाणी मारा.

ओरखडा पडलाच तर?

त्यावरून नख फिरवा. नख अडकलं नाही, तर ओरखडा बहुतेक वेळा वरच्या थरातच असतो आणि पॉलिशने बराचसा जातो. नख अडकलं तरी घाबरू नका. दरवाजाच्या पत्र्याला गंज चढतो, प्लास्टिकला नाही. त्यामुळे रंगकामाची घाई नसते.

लगेच विम्याचा क्लेमही करू नका. साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. वर ठरावीक रक्कम खिशातून जाते आणि नो क्लेम बोनसही जाऊ शकतो. वर्षभर क्लेम नसेल तर हा बोनस २० टक्क्यांपासून सुरू होऊन पुढे ५० टक्क्यांपर्यंत वाढतो. तेव्हा आधी गॅरेजमधून खर्चाचा अंदाज घ्या आणि मगच ठरवा.

आमच्या गाडीवरचा ओरखडा अजून तसाच आहे. बाबा रोज सकाळी तो बघतात आणि माझ्याकडेही बघतात. चालेल. मार खाणं हे बंपरचं कामच आहे, ते त्याला करू द्या.