वजनकाट्याची हजेरी

हजेरी घेण्यात माझी निम्मी हयात गेली. अनुभवाने सांगतो, विद्यार्थी वहीला 'हजर' म्हणत नाही. वहीमागच्या माणसाला म्हणतो.

हृदय दुबळे झालेल्या रोग्याला डॉक्टर रोज सकाळी वजन करायला सांगतात. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले, तर ती बहुधा चरबी नव्हे, अंगात साठलेले पाणी! हे आकडे घरूनच कळवण्याची सोय निघाली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन पाहणीत रोग्यांनी रोज फोन करून ध्वनिमुद्रित आवाजाला उत्तरे द्यायची होती. सातांतल्या एकाने एकदाही फोन केला नाही. सहा महिन्यांअखेरच्या आठवड्यात तीनदा तरी कळवणारे ५५ टक्केच उरले. मृत्यू कमी झाले नाहीत, इस्पितळाच्या वाऱ्याही नाहीत.

२०१८ च्या जर्मन पाहणीची तऱ्हा निराळी. बर्लिनमधले डॉक्टर आणि परिचारिका अहोरात्र आकडे पाहत, दरमहा फोनवर विचारपूस करीत. तेथे ९७ टक्के रोग्यांनी दहांपैकी सात दिवस तरी आकडे धाडले आणि मृत्यूंचे प्रमाणही घटले.

तेव्हा वाचकहो, आजोबांना काटा आणून देणे सोपे आहे. पण रोज सकाळी "आज किती भरलं, आजोबा?" असे विचारणारे, आणि आकडा चढला की डॉक्टरांना कळवणारे, घरात कोणीतरी हवे. काट्याला ते जमायचे नाही!