सेवेला हाक, उपचारांना रांग

करोनाच्या दुसऱ्या लाटेने राजधानी हवालदिल झाली असताना, २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत संरक्षण मंत्रालयाने दोन निर्णय जाहीर केले. पहिला, माजी सैनिकांसाठीच्या ५१ पॉलिक्लिनिकांत रात्रपाळीकरिता तीन महिन्यांपुरते कंत्राटी कर्मचारी नेमण्याचा. दुसरा, सेवामुक्त झालेल्या ४०० लष्करी डॉक्टरांना अकरा महिन्यांसाठी पुन्हा पाचारण करण्याचा. दोन्ही निर्णय योग्यच होते. परंतु ते एकत्र वाचले असता एक विसंगती नजरेत भरते. निवृत्त सैनिकाच्या सेवेवर हक्क सांगताना सरकारला अवघड वाटत नाही. त्याच्या आजारपणाची तरतूद मात्र महिन्यांच्या मुदतीवर चालते.

माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना, म्हणजेच ईसीएचएस, १ एप्रिल २००३ रोजी सुरू झाली. तोपर्यंत निवृत्त जवानाला लष्करी रुग्णालयात जागा असेल तरच उपचार मिळत. नव्या योजनेने देशभर चारशेहून अधिक पॉलिक्लिनिके उभी केली, खासगी रुग्णालये संलग्न करून घेतली आणि कुटुंबीयांसह पन्नास लाखांहून अधिक लोकांना आधार दिला. हे यश नाकारता येणार नाही. मात्र योजनेच्या नावातील ‘अंशदायी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. सैनिकाने हुद्द्यानुसार एकरकमी वर्गणी भरलेली असते. त्यामुळे हा उपचार म्हणजे खैरात नव्हे, करार आहे.

महासाथीत या कराराच्या मर्यादा उघड झाल्या. पॉलिक्लिनिक ही मुळात दिवसा चालणारी बाह्यरुग्ण व्यवस्था. रात्रपाळी मिळालेल्या ५१ केंद्रांत दिल्ली छावणीसोबत पुणे व कोल्हापूरही होते. पण हे प्रमाण आठात एक इतकेच. संलग्न रुग्णालयात खाट नसेल, तर ऑक्सिजनची पातळी घसरलेल्या वृद्ध हवालदाराला मिळेल तिथे दाखल करावे लागे. तेथे आधी पैसे भरायचे, मग प्रतिपूर्तीसाठी अर्ज करायचा आणि हाती पडायची ती सीजीएचएसच्या दरांइतकीच रक्कम. दिल्लीतील मराठी अधिकाऱ्यांना हे दर आणि रुग्णालयांची प्रत्यक्ष बिले यांतील तफावत ठाऊक आहेच.

दोष केवळ साथीवर ढकलता येणार नाही. महालेखापरीक्षकांनी २०१५ मध्येच या योजनेच्या कारभारावर स्वतंत्र अहवाल दिला होता. रुग्णालयांची बिले थकतात, थकबाकीमुळे ती हात आखडता घेतात आणि भुर्दंड रुग्णाला पडतो, हे दुष्टचक्र संरक्षण खात्यास नवे नाही. त्यात घटनात्मक पेचही आहे. सातव्या अनुसूचीनुसार संरक्षण केंद्राकडे, तर सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये राज्यांकडे. गणवेशात असताना सैनिकाची जबाबदारी एकाच आदेशसाखळीवर असते. निवृत्तीनंतर त्याचे ओळखपत्र केंद्राचे, खाट खासगी रुग्णालयाची आणि साथीच्या काळात त्या खाटेचे नियमन राज्याचे, अशी विभागणी होते. संकटात प्रत्येकाला दुसऱ्याकडे बोट दाखवणे सोयीचे जाते.

म्हणून तात्पुरत्या आदेशांपलीकडे जाणे आवश्यक आहे. बिले निकाली काढण्यास कालमर्यादा हवी आणि विलंबाची किंमत रुग्णाने नव्हे, खात्याने मोजावी. माजी सैनिकांची संख्या मोठी असलेल्या जिल्ह्यांत रात्रीची सेवा कायम असावी. राज्यांशी आगाऊ करार असावा, म्हणजे पुढच्या साथीत खाटांचे वाटप करताना सैनिकाचे कार्ड ऐनवेळी निरुपयोगी ठरणार नाही.

हा प्रश्न जुन्या पिढीपुरता नाही. २०२२ मध्ये आलेल्या अग्निपथ योजनेनुसार चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या अग्निवीराला ईसीएचएसचे संरक्षण नाही. म्हणजे ज्यांच्याशी करार आहे त्यांच्या वाट्याला रांग, आणि नव्यांशी करारच नाही. सैनिकांच्या त्यागाचे गोडवे संसदेत सर्वच पक्ष गातात. तो गौरव खरा असेल, तर त्याचे प्रतिबिंब अंदाजपत्रकातील तरतुदीत आणि वेळेवर चुकत्या झालेल्या बिलांत दिसले पाहिजे.