सायकलची सीट आणि न सांगितलेले दुखणे

पुण्याहून पंढरपूर सायकलने गाठायचे म्हणजे दोनशेहून अधिक किलोमीटर. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी मी ते तीन दिवसांत करण्याचे ठरविले. गुडघ्यांचे व्यायाम केले, रक्तदाब तपासून घेतला. सीटचा विचार मात्र आदल्या दिवशी केला आणि बाजारातील सर्वांत जाड, मऊ आवरण तिच्यावर चढविले. भिगवणच्या मुक्कामी उतरलो तेव्हा जांघेचा मधला भाग बधिर झाला होता. सोबतच्या मुलाला मी “पाय भरून आले” एवढेच सांगितले. लाज वाटली, दुसरे काय! दुसऱ्या दिवशी इंदापूरहून बसने परतावे लागले.

वाचकहो, दोष त्या मऊ गादीचाच होता. बसताना आपला भार नितंबांखालच्या दोन हाडांवर यायला हवा. अतिमऊ गादीत ही हाडे रुततात आणि मधला फुगवटा वर येऊन नाजूक भागावर दाब देतो. तेथून मज्जातंतू व रक्तवाहिन्या जातात; बधिरता ही त्यांनी दिलेली सूचना असते. तासाभराच्या फेरीत हे जाणवतही नाही. म्हणून सीट बेताची कठीण आणि आपल्या हाडांना पुरेल इतकी रुंद हवी. खोक्याचा नालीदार पुठ्ठा कठीण खुर्चीवर ठेवून थोडे पुढे झुकून बसा. उमटलेल्या दोन खळग्यांच्या मध्यांतील अंतरापेक्षा सीट दोन-तीन सेंटिमीटर रुंद असावी. पाठ ताठ ठेवून चालविणाऱ्यांना याहून रुंद सीट लागते.

उंचीचेही तसेच. टाच पेडलवर ठेवली असता, पेडल सर्वांत खाली असताना पाय सरळ व्हावा. सीट याहून उंच असली की कंबर दोन्ही बाजूंना हेलकावते आणि कातडी सोलवटते. गादी शिवलेली सायकलची चड्डी वापरावी, तिच्या आत दुसरे अंतर्वस्त्र नको, आणि ती रोज धुतलेली असावी. दर दहा-पंधरा मिनिटांनी पेडलवर क्षणभर उभे राहावे.

मधुमेह असणाऱ्यांनी मुक्कामावर रोज आरशात त्वचा पाहावी. त्यांची संवेदना मंदावलेली असू शकते आणि लहानशी जखमही लवकर भरत नाही. रजोनिवृत्तीनंतर त्वचा पातळ व कोरडी होते. भगिनींनी घर्षण टाळणारे मलम आधीच लावावे. प्रोस्टेटसाठी पीएसए तपासणी करावयाची असल्यास आधीचे दोन दिवस सायकल टाळावी, असे डॉक्टर सहसा सुचवितात. उतरल्यावरही बधिरता टिकली, लघवीला त्रास झाला, तर प्रवास थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

घरातील ज्येष्ठ अशा प्रवासाला निघत असतील तर सोबत्यांनी “कसं वाटतंय?” असे मोघम विचारू नये. त्याला “छान” हेच उत्तर मिळते.

पुढल्या वर्षी आम्ही पुन्हा निघालो. अकलूजला मुलाने सरळच विचारले, “बाबा, बसायला दुखतंय का?” मी “हो” म्हणालो. त्याने पाना काढला, सीट अर्धा इंच खाली घेतली, आणि आम्ही चहा सांगितला.